जळणारं हातोहात, धातूचं टपालानं: अमेरिकेत रीलोडिंगचं सामान मित्रांना विकताना

आमच्या क्लबातले एक आजोबा गेल्या वर्षी गेले. निवृत्त मशिनिस्ट, चाळीस वर्षं रायफल चालवलेला माणूस, आणि रीलोडिंग करणारा, म्हणजे उडालेल्या पुंगळ्या पुन्हा भरून घरीच काडतुसं बनवणारा. महिनाभरानं त्यांच्या बायकोनं मला गॅरेजमध्ये नेलं, दिवा लावला आणि म्हणाल्या, यातलं काय विकता येईल आणि काय फेकायचं ते तूच सांग. फळ्यांवर पावडरचे म्हणजे दारूचे डबे, प्रायमरच्या ब्रिक (दारू पेटवणाऱ्या टोप्यांचे हजार-हजाराचे गठ्ठे), गोळ्यांची खोकी आणि कॉफीच्या डब्यांतून भरलेल्या पितळी पुंगळ्या. दुकानात महिनोन् महिने न दिसणारा माल त्या एका भिंतीला लागून उभा होता. क्लबात बातमी पोचायला दोन दिवसही लागले नाहीत. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या राज्यातल्या एकाचा फोन आला: "दोन ब्रिक खोक्यात घाल आणि पोस्टानं पाठव की, कोण उघडून बघतंय?"

त्या 'कोण उघडून बघतंय'पायी भल्याभल्या माणसांनी स्वतःवर खटले ओढवून घेतलेत, म्हणून हे लिहितोय. इथे स्थायिक झालेले बरेच मराठी लोक आता रेंजवर दिसतात आणि त्यातले काही रीलोडिंगलाही लागलेत. सगळा मजकूर अमेरिकेपुरता आहे. भारतातली गोष्ट वेगळी, त्याबद्दल दोन शब्द शेवटी.

तुटवडा का पडतो, ते आधी थोडक्यात. अमेरिकेत प्रायमर बनवणारे मोठे कारखाने बोटांवर मोजण्याइतके: आयडाहोत लुईस्टनला सीसीआय, मिनेसोटात अनोकाला फेडरल, आर्कान्सात लोनोकला रेमिंग्टन, आणि विंचेस्टर. प्रायमर आधी त्यांच्या स्वतःच्या तयार काडतुसांत जातात, उरले तर आपल्याला. २०२० मध्ये करोनानं मागणी उसळली आणि त्याच वर्षी रेमिंग्टननं दिवाळखोरी जाहीर केली. त्याआधी हजार प्रायमर तीस-चाळीस डॉलरला मिळत, ते पुढच्या वर्षी हातोहात शंभराच्या बरेच वर विकले गेले. पावडरचीही तीच तऱ्हा. रायफलवाले ज्याच्यासाठी जीव टाकतात ती व्हारगेट आणि एच४३५० ही पावडर ऑस्ट्रेलियातल्या मुलवाला इथून जहाजानं येते. पुढे युक्रेनच्या युद्धामुळे नायट्रोसेल्युलोज, म्हणजे पावडरचा कच्चा माल, तोफगोळ्यांकडे वळलं आणि फळ्या पुन्हा रिकाम्या झाल्या. अशा वेळी मित्रांनी एकमेकांना माल देणं अगदी स्वाभाविक आहे. प्रश्न एवढाच की कसा द्यायचा.

आधी ढीग करा

काडतुसाचे चार भाग: पुंगळी, तिच्या बुडाशी बसणारी टोपी म्हणजे प्रायमर, आतली दारू म्हणजे पावडर, आणि पुढची गोळी. वाहतुकीच्या कायद्याला तुमची बंदूक कुठली याच्याशी देणंघेणं नसतं. यातलं काय पेटतं, एवढंच तो बघतो. पुंगळी आणि गोळी म्हणजे निव्वळ धातू, त्यामुळे त्या टपालानं जातात. प्रायमर आणि पावडर हा धोकादायक माल, तो टपालानं कधीच जात नाही. प्रायमरचा वर्ग १.४एस (स्फोटकांतला कमी धोक्याचा गट), धोकादायक मालाच्या यादीतला क्रमांक यूएन ००४४. छोट्या शस्त्रांसाठीच्या धूरविरहित पावडरला ठराविक पॅकिंग आणि प्रमाणाच्या अटींवर ४.१ म्हणजे ज्वालाग्राही घन पदार्थ या वर्गात, एनए ३१७८ क्रमांकाखाली नेता येतं. एरवी ती स्फोटकच.

गॅरेजमध्ये मी जमिनीवर चार चौकोन आखले आणि एकेक वस्तू उचलून ठेवत गेलो. धातू एकीकडे, पेटणारं दुसरीकडे. तिसऱ्या चौकोनात प्रेस, डाय, तराजू ही अवजारं, ज्यांना कसलीच अडचण नाही. चौथा चौकोन विकायच्या नाहीत अशा वस्तूंचा, आणि तो माझ्या अंदाजापेक्षा मोठा निघाला.

चौथ्यात पहिली गेली ती आजोबांनी स्वतः भरलेली काडतुसं. स्वतःसाठी काडतूस भरायला फेडरल परवाना लागत नाही. विकण्यासाठी भरण्याचा व्यवसाय करायचा तर काडतूस उत्पादकाचा परवाना लागतो. आजोबांचा काही तो धंदा नव्हता हे खरं, पण दुसऱ्यानं भरलेलं काडतूस आपल्या बंदुकीत घालू नये हा रेंजवरचा जुना शहाणपणा आहे आणि मी तो पाळतो. पाठोपाठ उघडलेले पावडरचे डबे गेले. शेवटी एक काचेची बरणी, वर चिकटपट्टी आणि पेन्सिलीनं लिहिलेलं '४३५०'. एच४३५० की आयएमआर ४३५०? आकडा एकच असला तरी पावडर वेगळी, आणि एकीचं माप दुसरीला लावणं म्हणजे बंदुकीशी जुगार. उलट एचपी-३८ आणि डब्ल्यू२३१ ही दोन नावांची एकच पावडर. हे सगळं डब्यावरच्या लेबलावरून कळतं, बरणीवरून नाही. आजोबांना माहीत असणार त्यात काय आहे. आता ते विचारायला आजोबा नाहीत.

घेणारा कोण, हे सगळ्यात महत्त्वाचं

बहुतेकांना ठाऊक नसलेली गोष्ट इथे आहे. १९६८ च्या फेडरल बंदूक कायद्यात 'ॲम्युनिशन'ची व्याख्या तयार काडतुसापुरती नाही. पुंगळी, प्रायमर, गोळी आणि पावडर हे चारही तिच्यात नावानिशी येतात. म्हणजे ज्याला कायद्यानं काडतूस बाळगायला मनाई, त्याला रिकामी पुंगळीसुद्धा मनाई. आणि मनाई आहे हे माहीत असताना, किंवा तसं मानायला सबळ कारण असताना विकलंत, तर गुन्हा तुमचाही. २०२२ पासून त्याची कमाल शिक्षा १५ वर्षं आहे.

मनाईच्या यादीत गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेले आहेत, घरगुती हिंसाचारात शिक्षा झालेले आहेत, गांजा ओढणारेही आहेत, मग त्यांच्या राज्यात गांजा दुकानात का मिळेना. आपल्या लोकांच्या दृष्टीनं त्यातली महत्त्वाची ओळ वेगळीच: तात्पुरत्या व्हिसावर असलेले परदेशी नागरिक. एच-१बी, एल-१, एफ-१, एच-४ सगळे त्यात आले. ग्रीन कार्डवाले त्यात नाहीत. तात्पुरत्या व्हिसावाल्यांसाठी एक ठळक अपवाद आहे, तो म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना. तो नसेल तर नाही म्हणजे नाही.

माझ्या ऑफिसातला एक मुलगा, सांगलीकडचा, एच-१बीवर. माझ्याबरोबर एकदा रेंजवर येऊन बघून गेला होता. मग म्हणाला, "दादा, मी प्रेस घेणार आहे, तुमच्याकडची एक ब्रिक द्या की मला." मी म्हटलं, आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स कर, परवाना काढ, तो मला दाखव. त्याला वाटलं मी टाळतोय. तीन महिन्यांनी परवाना फोनमध्ये दाखवत आला तेव्हा कुठे मी ब्रिक दिली. ग्रीन कार्डाची फाइल सुरू असलेल्या पोरानं शंभर डॉलरच्या मालापायी असला धोका का पत्करावा?

मित्रांच्या व्यवहारात कागद मागायला संकोच वाटतो. मी एक साधी पावती करतो: तारीख, माल, लॉट क्रमांक, रक्कम, आणि एक वाक्य की 'मला काडतुसं बाळगायला कायद्यानं मनाई नाही'. खाली सही. शक्यतो राज्याचं ओळखपत्र बघून घेतो. अठराखालच्या पोराला देत नाही, बाप बरोबर असेल तर बापाला देतो. संशय आला तर कारण न सांगता नाही म्हणायचा हक्क तुम्हाला आहे.

राज्य बदललं की नियम बदलला

फेडरल कायदा पाळला म्हणजे झालं, असं नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये राज्याच्या व्याख्येतही प्रायमर, पावडर, गोळ्या येतात, आणि बाळगायला तिथला परवाना लागतो. वॉशिंग्टन डीसीतही सुटे भाग व्याख्येत आहेत. इलिनॉयमध्ये काडतुसासाठी एफओआयडी कार्ड, म्हणजे राज्यानं दिलेलं बंदूकधारकाचं ओळखपत्र लागतं, पण तिथली व्याख्या तयार काडतुसाची आहे. कॅलिफोर्नियात २०१९ पासून तयार काडतुसांची खरेदी परवानाधारक दुकानातून, पडताळणीसह करायची पद्धत आली. न्यूयॉर्कनं २०२३ मध्ये तसंच केलं. हे कायदे कोर्टांत सतत वरखाली होतात. म्हणून दर वेळी घेणाऱ्याच्या राज्याचा नियम, तो देखील त्या दिवशीचा, त्या राज्याच्या पोलीस किंवा न्याय खात्याच्या पानावर बघायचा. मित्र 'चालतं रे' म्हणाला, एवढ्यावर भागवायचं नाही.

माल तपासणं

पावडरचा डबा मूळचा, सीलबंद, लेबल वाचता येणारं. लॉट क्रमांकाचा फोटो काढून घेणाऱ्याला आधीच पाठवा, कारण अचूक मारणारे लोक एकाच लॉटच्या मागे असतात. जुन्या डब्याबद्दल शंका आली तर वास सांगतो: चांगल्या पावडरला स्पिरिटसारखा, ईथरसारखा वास असतो. आंबट, नाकात झोंबणारा वास, तांबूस धूळ किंवा धूर दिसला तर ती खराब झाली. विकायची नाहीच, घरातही ठेवायची नाही. आजोबांचा एक डबा बाहेरून चांगला होता. झाकण उघडलं तर आतल्या कडेला गंजासारखी लाली. चौथ्या चौकोनात.

प्रायमर त्यांच्याच खोक्यात हवेत. एक ब्रिक म्हणजे हजार, शंभराच्या दहा पेट्या. प्रत्येक टोपी आपापल्या खाचेत वेगळी बसते ती उगीच नाही. ओंजळभर प्रायमर बाटलीत ओतून दिले तर एक फुटला की सगळे एकदम फुटतात. कुणी बरणीत प्रायमर आणून दाखवले तर फुकटही घेऊ नका.

पुंगळ्यांचं काम सगळ्यात कंटाळवाणं, आणि चूकही तिथेच होते. रेंजवरून झाडून आणलेल्या पितळेत न उडालेलं एखादं काडतूस हमखास असतं. मी जुन्या चादरीवर पुंगळ्या पसरतो आणि मूठ-मूठ उचलून तोंडं बघतो, मग उलटवून बुडं. बुडाच्या मध्यावर खड्डा असेल तर टोपी उडालेली. गुळगुळीत, चकचकीत असेल तर जिवंत. आजोबांच्या तीन हजारांत अकरा जिवंत टोप्या आणि दोन अख्खी नऊ एमएम निघाली. ती तशीच पेटीत गेली असती तर कागदोपत्री 'रिकामं पितळ' असलेली पेटी प्रत्यक्षात स्फोटकांची ठरली असती. टोपी बसवून तयार ठेवलेली पुंगळीसुद्धा पेटणाऱ्या ढिगात. तिला स्वतंत्र क्रमांक आहे, यूएन ००५५.

किंमत

दोन-तीन मोठ्या दुकानांची आजची किंमत बघा, माल संपलेला असला तरी पानावर आकडा असतो. त्यात कर आणि हॅझमॅट (धोकादायक माल पाठवण्याच्या) शुल्काचा वाटा मिळवला की मित्राला एरवी जेवढं पडलं असतं ते कळतं. मी त्याच्या थोडं खाली सांगतो. तुटवड्यात तिप्पट भाव लावणारे क्लबात लक्षात राहतात, आणि पुढच्या तुटवड्यात त्यांचा फोन कुणी उचलत नाही. आजोबांच्या मालाची गोष्ट वेगळी: पैसा त्यांच्या बायकोचा होता, म्हणून तिथे मी पूर्ण बाजारभाव लावला आणि कुणीही कुरकुर केली नाही.

धातूची पेटी पाठवणं

गोळ्या जड असतात याचा अंदाज नवख्याला येत नाही. एक पौंड म्हणजे ७,००० ग्रेन. नऊ एमएमच्या ११५ ग्रेनच्या हजार गोळ्या साडेसोळा पौंड भरतात, १४७ च्या हजार तर एकवीस. टपाल खात्याची ठराविक दराची फ्लॅट रेट पेटी इथे वरदान आहे: ७० पौंडांपर्यंत वजन कितीही असो, दर तोच. पण त्या पुठ्ठ्याला एकवीस पौंड शिसं पेलवत नाही. कोपरा फाटतो आणि गोळ्या वाटेतल्या सगळ्या डेपोंमधून सांडत जातात. माझी पहिली पेटी अशीच पोचली, निम्मी रिकामी, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली, वर टपाल खात्याची क्षमायाचना.

तेव्हापासून माझी पद्धत अशी. गोळ्या जाड झिप पिशवीत, हवा काढून. ती दुसऱ्या पिशवीत. वर पुठ्ठ्याची घडी. पेटी हलवली तर आतून आवाज येता कामा नये, कारण आत सरकणारा माल हातोडीसारखा पुठ्ठ्याला आतून ठोकत राहतो. सगळ्या कडा आणि सगळे कोपरे जाड टेपनं, दोन दिशांनी. बाहेर 'गोळ्या' किंवा कॅलिबर लिहायचं नाही, चोराला आमंत्रण नको. विमा आणि ट्रॅकिंग घ्या. काउंटरवर विचारतात, आत काही ज्वालाग्राही किंवा धोकादायक आहे का? धातूच्या पेटीबद्दल खरं उत्तर 'नाही' आहे, आणि ते खरं राहावं म्हणून तर आधी एवढी चादर पसरली.

आणखी एक बारीक चूक: प्रायमर ज्या भक्कम खोक्यातून घरी आले तेच पुन्हा वापरणं. त्यावर नारिंगी चौकोन, १.४ ची खूण, यूएन क्रमांक छापलेले असतात. आत खेळणी असली तरी टपाल खातं ते खोकं धोकादायकच मानतं. खुणा पूर्ण पुसा, झाका किंवा खोकंच बदला.

पेटणारा माल

पावडर आणि प्रायमर टपाल खातं घेत नाही. कितीही कमी असो, घरगुती असो, मित्राला भेट म्हणून असो. यूपीएस-फेडेक्सकडे हा माल नेण्याचा मार्ग आहे, पण तो धोकादायक मालाचा करार असलेल्या, दर तीन वर्षांनी प्रशिक्षण घेणाऱ्या, मंजूर पॅकिंग आणि कागदपत्रं वापरणाऱ्या शिपरसाठी. तुमच्या-माझ्यासारख्या माणसाला तो व्यवहारात बंदच आहे. 'ऑटो पार्ट्स' लिहून सोडणाऱ्याला एका उल्लंघनामागे लाखभर डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो, जाणूनबुजून केलं तर तुरुंगही. आणि ती पेटी जाते कुणाच्या तरी डोक्यावरच्या विमानातून.

मग उरतं हातोहात देणं. खाजगी व्यक्तीनं, व्यापार म्हणून नव्हे, स्वतःच्या गाडीतून नेलेल्या मालाला फेडरल हॅझमॅट वाहतुकीचे नियम लागू होत नाहीत. दरमहा डबे विकून कमावणाऱ्यानं या सवलतीवर विसंबू नये. वाटेतल्या एखाद्या बोगद्यात असा माल न्यायला मनाई असू शकते, रस्ता ठरवताना ते बघा. माझा ठरलेला बेत म्हणजे सामन्याचा दिवस: सगळे येतातच, रेंजच्या पार्किंगमध्ये माल देता येतो. डबे उभे, थंड जागी, उन्हात तापणाऱ्या ट्रंकेत दिवसभर सोडायचे नाहीत. प्रायमर आणि पावडर वेगळ्या खोक्यांत. गाडीजवळ सिगरेट नको, आणि 'जरा हलवून बघू' तर नकोच. विमानानं येणाऱ्या मित्राला देऊ नका: पावडर आणि प्रायमर हातातल्या बॅगेतही चालत नाहीत, चेक-इनमध्येही नाहीत.

लांबच्या मित्राला मदत करायची असेल तर माल नको, बातमी पाठवा. कुठल्या दुकानात आला ते कळवा, त्याला थेट तिथून मागवू द्या. हॅझमॅट शुल्क साधारण वीस ते पन्नास डॉलर असतं आणि एका पेटीला एकदाच लागतं, म्हणून त्याच्या गावातल्या चौघांनी मिळून एक ऑर्डर द्यावी. इथे मात्र साठ्याचं गणित विसरू नका. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या अग्निसुरक्षा संहितांनुसार घरात १०,००० पर्यंत प्रायमर आणि मूळ डब्यांत २० पौंडांपर्यंत पावडर ठेवता येते. पन्नासपर्यंत न्यायची तर इंचभर जाड लाकडाची पेटी किंवा कपाट लागतं. चौघांचे बारा हजार प्रायमर एकाच्या गॅरेजमध्ये रविवारपर्यंत पडून राहिले की मर्यादा ओलांडली. आजोबांचीही ओलांडली होती. पहिल्याच शनिवारी आम्ही तिघांनी तीन गाड्या लावून माल कमी केला.

पैसे

पेपॅलच्या नियमांत काडतुसांच्या व्यवहाराला मनाई आहे. 'लायब्ररीची पुस्तकं' असं लिहून पैसे पाठवणं म्हणजे खातं गोठवून घेणं. समोरासमोर असाल तर रोख. लांबच्याला धातूची पेटी पाठवत असाल तर टपाल खात्याची मनीऑर्डर, हजार डॉलरपर्यंतची, काउंटरवर खरी असल्याची खात्री करून. तुटवड्यात अर्ध्या किमतीत प्रायमर 'पाठवणारे' भुरटे खूप असतात. पावडर पोस्टानं पाठवतो म्हणणारा एकतर कायदा मोडणार किंवा तुम्हाला गंडवणार.

आणि भारतात जाताना

कोल्हापूरचा भाचा रायफल शूटिंग शिकतो. स्वप्नील कुसळेनं २०२४ मध्ये पॅरिसला कांस्य जिंकल्यापासून त्याचे प्रश्न थांबत नाहीत: मामा, तुम्ही भरता तसं मी बावीसचं काडतूस भरू शकतो का? नाही. .२२ एलआर रिमफायर आहे, तिची टोपी वेगळी नसते, बारूद कडेच्या वळीतच भरलेलं असतं. एकदा उडाली की संपली. आणि १९५९ च्या भारतीय शस्त्र कायद्यात काडतुसाचे सुटे भागही 'दारूगोळ्या'त मोडतात. मामानं चकचकीत पितळ भेट म्हणून नेणं म्हणजे भाच्याला आणि स्वतःला पोलीस ठाण्यात बसवणं. इथून बाहेर पाठवायला अमेरिकेचे निर्यात नियमही आडवे येतात.

रेंजला नेलेली बॅग कधीच प्रवासाला न्यायची नाही, असं मी ठरवलं होतं आणि एकदा विसरलो. मुंबईला निघायच्या आदल्या रात्री बायकोनं तीच बॅग कपडे भरायला काढली. गॅरेजच्या फरशीवर उलटी करून झटकली तर अस्तराच्या शिवणीतून एक .२२३ ची पुंगळी टणकन पडली आणि घरंगळत वॉशिंग मशिनखाली गेली. बायकोनं माझ्याकडे बघितलं, काही बोलली नाही, आणि माळ्यावरून दुसरी बॅग काढली.